नामदेवकाकांचा डोंगा आणि परातेची गाठ

माझं दुकान नागपुरात बर्डीच्या मागच्या गल्लीत आहे. गळ, रील, तंगूस, म्हणजे मासे धरायची नायलॉनची दोरी, असला सगळा माल. या धंद्यात माल कमी खपतो आणि किस्से जास्त जमतात. गिऱ्हाईक दोन गळ घेतं आणि काउंटरला कोपर टेकवून पाऊण तास बोलतं. गळ घेऊन जातं, गोष्ट माझ्याकडे ठेवून जातं. आता ठेवायला जागा नाही म्हणून तुम्हाला सांगतो.

आमचं रविवारचं टोळकं चौघांचं. वासनिक गुरुजी गणिताचे, आता रिटायर. पराते इलेक्ट्रिकची कामं करतो, पण घराणं विणकरांचं. बापापर्यंत घरात हातमाग होता. तिसरा मी. आणि चौथे रामटेककडच्या तलावावरचे नामदेवकाका. त्यांच्या लाकडी डोंग्यात, म्हणजे छोट्या होडीत, आम्ही बसतो. काकांची सत्तरी उलटली आहे. मुलगा सुधाकर कळमेश्वरला कारखान्यात आहे. त्याचं एकच टुमणं, "बाबा, आता पुरे झालं. माझ्यासंग चाला." काकांना तिथे जायचं नव्हतं. फ्लॅटमध्ये बसून करू काय, म्हणायचे. पण मुलाचं मन मोडवत नव्हतं, म्हणून एकदा बोलून गेले, "डोंगा तरते तोवर मी इथं. ज्या दिवशी नाही तरला, त्या दिवशी तुझ्यासंग येतो." यंदा हे वाक्य त्यांच्या अंगाशी आलं. ते शेवटी सांगतो.

* * *

गुरुजींनी नवीन रील घेतली तेव्हाची गोष्ट. मी सांगितलं होतं, स्पूल, म्हणजे दोरी गुंडाळायची चकती, काठोकाठ भरू नका, काठापासून दोन मिलिमीटर खाली थांबा. गुरुजी म्हणाले, "जागा रिकामी काहून सोडायची?" घरी जाऊन पार वरपर्यंत दोरी भरली.

रविवारी पहिलीच फेक. गळ गेला दहा फूट आणि मागून सगळी दोरी एकदम बाहेर, गुरुजींच्या चष्म्यापासून पायजाम्यापर्यंत. गुरुजी उपसायला लागले. जेवढं ओढावं तेवढा गुंता घट्ट.

परातेनं त्यांचे हात धरले. "ओढू नका. आमच्या घरी असं ओढलं असतं त मायनं मागाची फणी फेकून मारली असती." मग मांडी घालून बसला, गुंता मधूनमधून सैल करत गेला आणि तासाभरात दोरी सरळ. त्या दिवशी मासा एकही नाही. पण गुरुजी तेव्हापासून पट्टी घेऊन स्पूल मोजतात.

* * *

दुसरी भानगड ड्रॅगची. रीलवर एक फिरकी असते. माशानं किती जोर लावला की दोरी सुटू द्यायची, ते तिच्यावर ठरतं. गुरुजींनी ती गच्च आवळून ठेवली. एका सकाळी तीन वेळा दोरी तुटली.

नामदेवकाका वल्हं मांडीवर ठेवून शांतपणे म्हणाले, "गुरुजी, ते पोट्टं नाही. कान पिळला म्हणून मासा जवळ येत नसते."

मी समजावलं, की दोरी जेवढं वजन पेलते त्याच्या तिसऱ्या हिश्श्यावर ड्रॅग ठेवायचा, मधे वजनाचा काटा लावून ओढून पाहायचं. गुरुजींनी घरी प्रयोग केला. काटा लावला, दोरीचं टोक बायकोच्या हातात दिलं आणि सांगितलं, हॉलमधून स्वयंपाकघराकडे पळ.

बाई अर्ध्या वाटेत थांबल्या. "चाळीस वर्षं संसार केला. आता मला मासा करून राहिले का तुम्ही?"

हे गुरुजींनीच दुकानात येऊन सांगितलं. ड्रॅग मात्र बरोबर लागला होता.

* * *

तलावावर एकदा एक साहेब फायबरची बोट घेऊन आले. गाडीमागे ट्रॉली, बोटीवर रंगीत पट्टे. अशा बोटीच्या बुडाला एक भोक असतं. बाहेर काढल्यावर आतलं पाणी त्यातून जाऊ द्यायचं आणि पाण्यात घालण्याआधी बूच लावायचं. साहेबांनी बोट पाण्यात घातली, सेल्फी घेतली, मधोमध गेले. तेव्हा बूट ओले झाले. बूच गाडीच्या डिकीत होतं.

काकांनी डोंगा नेऊन त्यांना उचलून आणलं. साहेब खजील. म्हणाले, "काका, तुमच्या होडीलाही भोकं असतीलच ना?"

"आहेत न. पण पैसे देऊन नाही पाडली."

तुम्हाला माझा एक सल्ला, बूच किल्लीच्या जुडग्यालाच बांधून ठेवा.

* * *

आता परातेची गाठ. हा माणूस शांत, पण गाठीवरून बोललेलं त्याला खपत नाही. मागावर धागा तुटला की विणकर दोन टोकं चिमटीत घेतो आणि डोळ्यांचं पातं लवायच्या आत जोडतो. पराते लहानपणापासून ती गाठ मारतो. एके दिवशी त्याची दोरी बुडालेल्या खोडाला घासून तुटली, त्यानं तशीच गाठ मारून दुसरी दोरी जोडली.

दहा मिनिटांत कतला मासा लागला. दांडी वाकली, गुरुजी उभे राहिले, काकांनी त्यांना खाली बसवलं. आणि दोरी एकदम सैल.

"तोडली हरामखोरानं," पराते म्हणाला.

मी टोक हातात घेतलं. दोरी गेली की शिव्या देण्याआधी टोक पाहावं. टोक खरखरीत असेल तर दगडाला घासली. डुकराच्या शेपटीसारखं कुरळं असेल तर गाठ सुटली. हे चांगलं कुरळं होतं.

"पराते, गाठ सुटली."

"माझ्या बापानं पन्नास वर्षं हेच गाठ मारली. एकदाही नाही सुटली."

"तुझ्या बापानं सुतात मारली. हे नायलॉन आहे, गुळगुळीत. याले पाच-सहा पीळ दे, थुंकी लाव, हळू आवळ."

पराते पुढचे चार रविवार आला नाही. पाचव्या रविवारी आला, पाच पीळ दिले, थुंकी लावली, आवळली. मग म्हणाला, "गाठ आहे का भजे, काय माहीत."

* * *

आता डोंग्याची गोष्ट. दरवर्षी उन्हाळ्यात काका डोंगा बाहेर काढतात, आंब्याखाली पालथा घालतात आणि वरून ओली पोती टाकतात. लाकडी होडीला कडक ऊन लागू द्यायचं नसतं. फळ्या आकसतात आणि सांधे उघडतात. यंदा काका डोळ्याच्या ऑपरेशनसाठी दीड महिना लेकीकडे नागपूरला होते. मागे सुधाकर आला. पोरगा चांगला आहे, बापाचं काम हलकं करावं म्हणून त्यानं डोंगा उघड्या अंगणात आणला, पोती झटकून घडी करून ठेवली आणि नीट वाळू दिला. आमच्याकडचं ऊन तुम्हाला माहीत आहे.

काका परत आले तेव्हा आम्ही सोबत होतो. काका पालथ्या डोंग्यासमोर उकिडवे बसले, वाकून फळ्यांतून पलीकडे पाहिलं. मग म्हणाले, "ऑपरेशन मस्त झालं गा. डोंग्यातून रामटेकचा गड दिसून राहिला."

आम्ही हसलो. सुधाकर हसला नाही, त्याचं तोंड पडलं होतं. तरी तो हळूच म्हणाला, "बाबा, तुम्ही बोलले होते."

"बोललो होतो," काका म्हणाले. "मृगापर्यंत पाहू. नाही तरला त ट्रंक बांधतो."

खरं सांगतो, मला त्या पोराचा राग आला. पण त्याचंही चुकत नव्हतं. एकट्या म्हाताऱ्याला पाण्यावर सोडून कळमेश्वरला झोप कशी लागेल त्याला?

* * *

आम्ही कामाला लागलो. गुरुजींनी मोबाईलवर पाहून दोन पुड्या कालवून करायचा लगदा आणला आणि फटी भरल्या. सिमेंटसारखा कडक झाला. डोंगा पाण्यात घातला, लाकूड फुगलं आणि लगद्याची ढलपी निघून तरंगायला लागली. मग मी दुकानातून नायलॉनचा दोर आणून ठोकला. नायलॉन पाणी पीत नाही, फुगत नाही. फट तशीच.

काका म्हणाले, "सूत लागते. साधं कापसाचं, कमी पिळाचं. पहिले मिळत होतं."

बर्डी पालथी घातली. मिळालं ते सगळं नायलॉन मिसळलेलं. मृगाला आठ दिवस उरले होते. काकांनी ट्रंक पुसून अंगणात ठेवली होती.

परातेच्या घरी माळ्यावर सूत होतं, हे आम्हाला कोणालाच माहीत नव्हतं. त्याचे वडील गेले तेव्हा मागावर लुगडं अर्धंच विणून झालं होतं. माग विकला, पण राहिलेला ताना, म्हणजे उभे धागे, आईनं कापून गुंडाळून ठेवला. अकरा वर्षं कोणाला हात लावू दिला नाही. परातेनं विचारायची हिंमत केली. आई म्हणाली, "कोणाले पाहिजे?" त्यानं सांगितलं. सकाळी उठून पाहतो तर माय गाठोडं घेऊन दारात तयार.

"तू काहून येतं वं माय? मी नेतो न."

"तुले वळता येते का?"

रामटेकच्या बसमधून ती गाठोडं मांडीवर घेऊन आली. आंब्याखाली बसून तिनं धागे एकत्र घेतले, तुटले तिथे चिमटीनं जोडले आणि बोटभर जाडीची वात वळत गेली. गुरुजींना राहवेना. "काकू, ही गाठ पाण्यात सुटते बरं."

तिनं मानही वर केली नाही. "कोणाची सुटली?"

पराते तलावाकडे पाहायला लागला.

काकांनी वात जवसाच्या तेलात आणि राळेत भिजवली, बोथट छिन्नीनं फटीत बसवली, हलक्या हातानं, कारण जास्त ठोकली तर सूत फुगल्यावर फळीच चिरते. वरून डांबर. वाळल्यावर दोन दिवस दगड घालून डोंगा उथळ पाण्यात बुडवून ठेवला, लाकडाला पाणी पिऊ दिलं.

* * *

तिसऱ्या दिवशी सगळे काठावर. सुधाकर मोटरसायकलवर आला होता. मागे ट्रंक बांधायला दोरी आणली होती. पाणी उपसून डोंगा रिकामा केला. आता आत कोण बसणार? काकांनी पाय उचलला, तेवढ्यात परातेची माय पुढे झाली.

"माय, तुले पोहता नाही येत," पराते ओरडला.

"बसाले पोहणं लागते का?"

ती डोंग्याच्या बुडाशी फतकल मारून बसली. नेमकी सांध्यावर. काकांनी वल्हं घेतलं. कमळांच्या पलीकडे गेले, वळले, दिसेनासे झाले. आम्ही काठावर चौघं. सुधाकर दोनदा घड्याळ पाहून उठला आणि परत बसला.

अर्ध्या तासानं डोंगा आला. सुधाकर गुडघाभर पाण्यात गेला, म्हातारीला हात देऊन उतरवलं आणि विचारलं, "आजी, भिजल्या का?"

तिनं लुगड्याला मागून हात लावून पाहिला. "कोरडी हाय."

सुधाकरनं वाकून डोंग्याच्या बुडाला हात फिरवून पाहिला. डोंग्याची जुनी दोरी कुजून अर्धी राहिली होती, खुंटापर्यंत पोचत नव्हती. तो गेला, मोटरसायकलवरची दोरी सोडून आणली आणि जुन्या दोरीला जोडायला लागला.

"आण इकडे," परातेची माय म्हणाली. "तुले नाही येत."

तिनं दोन्ही टोकं चिमटीत धरली. पराते पटकन पुढे झाला, सुधाकरच्या दोरीला बोट लावून पाहिलं आणि माझ्याकडे वळून म्हणाला, "सुती आहे, चंदूभाऊ."