मीठ पांढरं नसतं

रिक्षा बंद पडली म्हणून मी मिठागराच्या बांधावर उभी होते, तेव्हा ती भेटली. नाव विचारायचं राहूनच गेलं. साठीची असावी. टाचा मिठाने चिरलेल्या, डोक्यावर ओल्या टॉवेलची घडी. लांब दांड्याच्या फळीने ती वाफ्यातलं मीठ ओढत होती.

"काय करता बाय तुमी?"

"शाळेत विज्ञान शिकवते."

ती हसली. फळी पोचत नाही अशा कोपऱ्यातून तिने बोराएवढा मळकट खडा उचलला, अंगठा जिभेने ओला केला आणि खडा घासत बसली. घाई अजिबात नाही. मग तो तळहातावर ठेवून हात माझ्यापुढे धरला. खड्यातून तिच्या हातावरची रेघन् रेघ दिसत होती.

"मीठ पांढरं नसतं, बाय. आपन ओढून ओढून त्याचा चुरा करतो, म्हनून पांढरं दिसतं. या कोपऱ्यात कोनी हात लावत नाय, तर बगा, कसं पान्यासारखं बसलंय!"

प्रकाशाला अडवेल असं मिठाच्या आत काहीच नाही. चुऱ्याच्या असंख्य कडांवरून तो उधळतो, तेच ते पांढरेपण. हे सगळं मला येत होतं. मिठाला कधी लावून पाहिलं नव्हतं.

मिठागराकडची मुलं दरवर्षी उत्तरपत्रिकेत पारदर्शक पदार्थांमध्ये काचेशेजारी मीठ लिहितात. वीस वर्षं मी त्यावर लाल फुली मारत आले.