साहेबांचा डोळा आणि पंख्याचं पिच

साठ सालाच्या आसपास अमरावतीत आम्ही चार-पाच जण छोट्या मॉडेल बोटी बनवायचो. उन्हाळ्यात नळाला करंगळीएवढी धार येणाऱ्या गावात बोटी! लोक हसायचे, आणि त्यांचं काही चुकत नव्हतं. आमच्या या बोट मंडळाचे अध्यक्ष होते पाटबंधारे खात्यातून निवृत्त झालेले एक इंजिनियरसाहेब. उभ्या नोकरीत सह्यांखेरीज हातानं त्यांनी काही केलं असेल, असं मला कधी वाटलं नाही.

मी हायस्कुलात गणित शिकवायचो. माझा जोडीदार कापसाच्या जिनिंगमधला फिटर. साहेबांची तीन फुटी बोट खरं तर त्यानंच बांधली होती. पाण्यात फिरून बोट ढकलणाऱ्या पितळी पंख्याची दोन पाती मात्र साहेबांनी पकडीनं स्वतः वाकवली आणि वर आम्हाला व्याख्यान दिलं. पंखा एका फेऱ्यात किती पुढं सरकेल, ते त्याचं पिच. लाकडात स्क्रू शिरतो तसं. हे आम्हाला ठाऊक होतं. आम्हाला ते ठाऊक आहे, हे साहेबांना ठाऊक नव्हतं.

"दोन्ही पात्यांचं पिच मोजलं का?" मी विचारलं.

"अहो मास्तर, तीस वर्षं कालवे काढलेत. हा डोळा म्हणजे मोजपट्टीच."

फिटरनं पाटावर उभा खिळा ठोकला, त्यावर पंखा बसवला. मध्यापासून बरोबर एक इंचावर खूण करून मी प्रत्येक पात्याला कोनमापक लावला. एक तीस अंश, दुसरं बावीस. गणित मांडलं, तर एकाचं पिच साडेतीन इंचांच्या वर आणि दुसऱ्याचं जेमतेम अडीच. कागद साहेबांपुढं ठेवला. त्यांनी त्यावर चहाची बशी ठेवली.

बाहेर आल्यावर फिटर म्हणाला, "गुरुजी, साहेबाचा डोया सरकारी हाये. पाणी काही सरकारी नाई."

अकोल्याला एका बागेच्या हौदात शर्यत होती. मोटरचं बटन दाबताच साहेबांची बोट हीव भरल्यासारखी थडथडायला लागली. हौदाच्या मध्यापर्यंत कशीबशी गेली, तोवर पंख्याच्या दांड्याच्या नळीचा कथलाचा जोड सुटला, पाणी आत शिरलं आणि ती बुडाकडून खाली बसली. लोकांनी टाळ्या वाजवल्या. त्यांना वाटलं, पाणबुडी आहे.

"अकोल्याचं पाणी जड आहे," साहेब म्हणाले. हे एका इंजिनियरनं, चारचौघांत, न लाजता सांगितलं.

फिटर पँट गुडघ्यावर गुंडाळून हौदात उतरला. बोट काढून त्यानं साहेबांच्या हातात दिली. "पाणी जड नाई साहेब. एक पातं वढते, दुसरं झोपून राह्यलं. काहून आयकलं नाई तुमी?"

साहेबांनी बोट कलती करून पाणी ओतून टाकलं. माझ्याकडं बघून म्हणाले, "ही माणसं फार बोलायला लागली आहेत हल्ली." मला त्यांच्या तोंडावर काही बोलायला हवं होतं. मी रुमालानं कोनमापक पुसत बसलो.

पुढल्या वर्षी आम्ही दोघांनी साहेबांच्या त्याच बोटीची पाती मोजून, ठोकून सारखी केली. बोट दोरी लावल्यासारखी सरळ गेली आणि पहिली आली. हार साहेबांच्या गळ्यात पडला. भाषणात ते म्हणाले, अनुभवी डोळ्याला मोजमापाची गरज नसते. पहिल्या रांगेत मी टाळ्या वाजवल्या, अगदी मनापासून वाजवल्यासारख्या. फिटर तेव्हा मागच्या बाजूला पंखा सोडवून पिशवीत भरत होता. "पितळ माह्यं हाये," मी मागं गेलो तसा तो म्हणाला आणि स्टँडकडं निघून गेला.