मिरची झोंबली, पण वास कुठाय?

गेल्या हिवाळ्यातल्या तापानंतर मला वास येणंच बंद झालं. घरगुती काळा मसाला विकते मी. धने कधी उतरवायचे ते नाकच सांगायचं. दोन घाणे करपले. धंदा बुडायच्या आत, जिथून मिरची येते तिथेच जाऊन पोटभर हुंगायचं ठरवलं.

नाशिकहून जालन्यापर्यंत रेल्वे, पुढे एसटी. बायकांना अर्धं तिकीट! राजूर, केदारखेडा करत भोकरदन, तिथून काळी-पिवळीने पिंपळगाव रेणुकाई. पाणी सोबत ठेवा, ऊन दयामाया करत नाही.

मला मिरची पाठवणाऱ्या शांताकाकूंच्या शेतात लाल मिरची वाळत पसरली होती. मूठभर उचलून मी खोल श्वास घेतला आणि सटासट सात शिंका!

"काकू, आला! वास आला!" मी अक्षरशः नाचले.

काकूंनी पदराने माझे डोळे झाकले आणि नाकाखाली काहीतरी धरलं.

"काय हाय सांग."

"काहीच नाही."

"आत्ताच भाजलेले धने हायेत, माय. तुला मिरची झोंबली, वास न्हाई आला. डोळ्यालाबी झोंबतीच की. मंग डोळ्याला काय वास येतो?"

डॉक्टरही हेच म्हणाले होते: वास घेणारे तंतू नाकाच्या छतात, जळजळीची नस निराळी. तेव्हा मी नुसती मान डोलावली होती.

काकूंनी ढिगात हात घालून मिरची हुंगली. "हा कोपरा दमट राह्यला." बघते तर खरंच! असलं नाक पाहून कौतुक वाटलं, आणि खरं सांगते, हेवाही. जेवायला भाकरी-ठेचा होता. मला कळलं ते फक्त मीठ आणि आग.

निघताना काकू म्हणाल्या, "रोज धने हुंगत जा, बिलकुल आळस करू नको. कुणी चाललं न्हाई की पायवाट बुजती."

घरी दोन महिने सकाळ-संध्याकाळ हुंगत राहिले. धने भाजताना, कधी उतरवायचे ते सांगायला नवऱ्याला शेजारी उभं करायचे. तो कंटाळायचा, मी चिडायचे. एका मंगळवारी कढईतून कुजक्या फडक्याची घाण आली.

"शी! कसला वास हा?"

"कसला म्हणजे? खमंग सुटलाय," तो म्हणाला.

डॉक्टरांना फोन केला. तंतू नव्याने जुळताना आधी चुकीचंच सांगतात म्हणे, हे सुधारणेचं लक्षण. मी कढईवर वाकले आणि ती घाण डोळे मिटून, रडत रडत, छातीभर ओढून घेतली.