दूधआईचं लोटांगण

स्वतःचं लेकरू दगावलं तेव्हा अम्मियानं क्षत्रपाच्या, म्हणजे इराणी सुभेदाराच्या मुलाला, बगपातला, अंगावर पाजून वाढवलं. पाच वर्षांचा झाल्यावर रिवाजाप्रमाणे त्याला राजाच्या दरबारी धाडलं. तोच आता बापाच्या गादीवर क्षत्रप होऊन दास्किलियोन शहरी परत येत होता.

या इराण्यांच्या भेटीच्या रीती मेल्या भारी कडक. बरोबरीच्याला ओठांवर मुका, थोड्या खालच्याला गालावर, आणि अगदीच हलक्या माणसानं धुळीत लोटांगण घालायचं. पोराचा आब जायला नको म्हणून अम्मिया रोज चुलीपुढं लोटांगणाचा सराव करायची.

वेशीत घोडा थांबला तसं तिनं कपाळ मातीला टेकलं. टापा पुढं निघून गेल्यावरच ती उठली.

"अगं येडे!" शेजारीण नेनिस कडाडली. "तुला बघून घोड्यावरनं उतरला होता तो! मुका घ्यायला वाकला होता, आणि तू मातीत! चारचौघांत तूच स्वतःला चाकर ठरवलंस, मग तो तरी काय करणार? उभा राहिला जरा वेळ, आणि गेला."

अम्मियानं कपाळावरची धूळ पुसलीसुद्धा नाही. तिनं विचारलं,

"दिसतो कसा गं आता?"