तिसऱ्या टप्प्यातलं शेवटचं विमान

खोताच्या वाडीत आमच्या शेजारी राहणाऱ्या आंटी म्हणजे निवृत्त टायपिस्ट. विमानांच्या व्हिडिओ गेममध्ये मी कायम तिसऱ्या टप्प्यावर मरायचो. त्या मात्र तो सहज पार करायच्या. एका रविवारी दुपारी मी त्यांच्यासमोर खेळायला बसलो. बघता बघता माझं एकच विमान उरलं. टप्प्याच्या शेवटी येणारं शत्रूचं अजस्र जहाज समोर आलं, वरून गोळ्यांचा मारा सुरू झाला आणि घामाने अंगठा बटणावरून घसरायला लागला.

"गोळ्या बघू नको रे," आंटी म्हणाल्या. "मधली मोकळी जागा बघ. आणि थोडंच सरक."

मी श्वास रोखून विमान केसभर डावीकडे घेतलं, मग केसभर उजवीकडे. एक गोळी पंखाला चाटून गेली. मी बटण दाबतच राहिलो, शेवटी ते जहाज फुटलं आणि तिसरा टप्पा पार झाला.

आंटींनी हात पुढे केला. "दे इकडे, आता मी."