सरहद्दीच्या प्रांतांचा विचार कुणाचा

इतिहासाच्या सरांनी मला फसवलं. आधीच सांगून ठेवतो, म्हणजे पुढं वाचताना कुणी त्यांची बाजू शोधत बसणार नाही.

नव्वदनंतरची गोष्ट. इंदापूरच्या बाजारात शेळ्या-मेंढ्यांच्या माझ्या धंद्याचा जम बसला होता. अर्धवट राहिलेलं बी.ए. पुरं करायला रविवारी बारामतीला जायचो. सर बायझंटाईन, म्हणजे पूर्वेकडचं रोमन साम्राज्य शिकवत. सुरुवातीला तिथं सरहद्दीच्या प्रांतांत फौज एकाकडे आणि कर, न्याय दुसऱ्याकडे असे. दोघं एकमेकांवर नजर ठेवत, म्हणजे बंडाची भीती कमी. पुढं एका सम्राटानं काही प्रांतांत दोन्ही अधिकार एकाच्याच हाती दिले. का? सर म्हणाले, लहर.

मी उठलो. "लहर न्हाय सर. आमी मेंढरं घिऊन कोकणात उतरतो, तवा राखण आन् सौदा एकाच कारभाऱ्याकडं असतो."

गावी ही कामं दोन भावांत वाटली तरी चालतात, हे मी समजावून सांगितलं. पण परमुलखात शेतकऱ्याच्या रानात मेंढरं बसवायची आणि लेंडीखताच्या बदल्यात धान्य घ्यायचं, तर राखणारा एक आणि बोलणी करणारा दुसरा असून भागत नाही. शेतकरी दोघांना झुंजवतो आणि राखणारे उपाशी मरतात.

वर्ग हसला. "बसा," सर म्हणाले, "हे साम्राज्य आहे, कळप नव्हे."

बसलो. वर्षभरानं कॉलेजात चर्चासत्र झालं. बाहेरगावचे विद्वान पुढं, आम्ही मागं. सरांनी निबंध वाचला: सरहद्दीवर तलवार आणि धान्य वेगळ्या हातांत असेल, तर स्थानिक लोक दोघांना झुंजवतात, सैनिक उपाशी राहतात. वर दख्खनच्या मेंढपाळांचा दाखलाही दिला. टाळ्या पडल्या. कळप वर्षभरात साम्राज्याच्या लायकीचा झाला होता.

चहाच्या वेळी मी त्यांना गाठलं. "सर, मेंढरं वळखीची वाटली."

"आबा, ज्ञानाला मालक नसतो," ते म्हणाले. वर्गात मला आबा कधी म्हटलं नव्हतं.

"मग निबंधावर तुमचं नाव कशाला हाय?"

माझा आवाज चढला आणि शिपायानं मला अदबीनं फाटकाबाहेर नेलं. पुढं तो निबंध छापून आला. त्यात मेंढपाळ आहेत, मी नाही.

सर आता निवृत्त आहेत, सत्कार घेत हिंडतात. पुढच्या सत्काराला मी पहिल्या रांगेत बसणार आहे. तो विचार कुणाकडून घेतला, हे त्यांनी माईकवरून, माझ्याकडं बघून सांगावं.