अकरा एकांची संख्या

"तीननं भाग जातो का बघा की, बाई." मी पत्रावर जावक क्रमांक टाकला की शेजारच्या टेबलावरून अण्णांचा आवाज यायचाच. तीननं नाही गेला तर सातनं, मग अकरानं, मग तेरानं. तोवर साहेबांचा शिपाई पत्रासाठी दोनदा येऊन गेलेला असायचा.

सत्तरच्या दशकात सोलापुरातल्या एका कापडगिरणीत मी टायपिस्ट होते, ते हजेरी कारकून. अक्कलकोटकडचे, घरी कन्नड, ऑफिसात मराठी. एकदा बिल्ला नंबर ४९६चा विणकर घाईनं रजा मागायला आला. बायकोला दवाखान्यात न्यायचं होतं. "तुझा नंबर परिपूर्ण हाय," अण्णा त्याला समजावू लागले, "त्याला भाग जाणारे त्याच्याहून लहान आकडे मिळवले की परत चारशे शहाण्णवच." शेवटी मीच उठून अर्ज घेतला. सांगा, अशा माणसाशेजारी तुम्ही किती दिवस बसला असता? मी नऊ वर्षं बसले.

त्यांचा खरा ध्यास एकच होता: अकरा एक ओळीनं लिहिले की होणारी संख्या. ती मूळ आहे की तिला कशानं भाग जातो? उत्तरासाठी एक लाख पाच हजारांपर्यंतच्या सगळ्या मूळ संख्यांनी भागून बघावं लागणार होतं. ते जेवणाच्या सुट्टीत भागत, संप चालू असताना गेटवर बसूनही भागत.

एकवीस हजारांपुढे गेल्यावर त्यांच्या मोतीबिंदूचं ऑपरेशन ठरलं. डोळ्यांवर पट्टी. "एवढं एक पान तुमी करा, बाई. काम थांबाया नको." पानावर शंभर संख्या होत्या. मी दहा-बारा केल्या, वैतागले, आणि उरलेल्यांपुढे सरळ 'जात नाही' लिहून टाकलं.

ते दोन वर्षं पुढे भागत राहिले. शेवटपर्यंत पोचले, काही सापडलं नाही. मग पहिल्यापासून तपासायला बसले. माझ्या पानावर २१६४९ होता. भाग गेला, बाकी शून्य.

दुसऱ्या दिवशी पेढे आणून त्यांनी सगळ्या ऑफिसला सांगितलं, "बाईंच्या पानावर सापडला."

माझा पेढा हातातच राहिला. संध्याकाळी गेटबाहेर मी त्यांना गाठलं. "अण्णा, ते पान मी केलंच नव्हतं."

"ठावं हाय की. परत तपासताना दिसलं, सगळ्या 'जात नाही'ची शाई एका दमातली हाय."

"मग माझं नाव कशाला सांगितलंत? तुमची दोन वर्षं गेली माझ्यामुळं."

ते सायकलचं कुलूप काढत होते. "इतक्या वर्षांत कागद हातात घेतला तो तुमीच. बाकीचे नुसते हसले."

पुढच्या वर्षी ते निवृत्त झाले आणि गावी गेले. पावसाळ्याआधीच वारल्याचं कळलं. त्यांच्या जागी आलेला कारकून मुकाट्यानं हजेरी मांडायचा. कामं वेळेवर होऊ लागली. एका दुपारी मात्र मी कोरा कागद घेतला, ओळीनं अकरा एक लिहिले, २१६४९नं भागायला बसले, आणि बाकी शून्य येईपर्यंत उठले नाही.